डाव्या बाजूची झेप

पिपरी मेघेची शालूबाई त्या सकाळी नेहमीच्या गल्लीने बाजाराला गेली असती, तर खुशाल पेंटरला निदान दुपारपर्यंत सुखाचे चार तास मिळाले असते. पण गल्लीत कुणाच्या तरी लग्नाचा मांडव आडवा पडला होता, म्हणून ती मोठ्या रस्त्याने आली आणि चंद्रभानच्या सायकलच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या पिवळ्या मॅटाडोरपाशी डोक्यावरची वांग्यांची टोपली सावरायला थांबली. खुशाल गाडीच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसून ‘झेप’ या दोन अक्षरांची बाहेरची रेघ लाल रंगाने काढत होता. हातभर उंचीची, तीन बोटं जाड, उजवीकडे झुकलेली अक्षरं, आणि ‘झे’च्या मागे वाऱ्याच्या तीन रेघा, जणू अक्षर आत्ताच कुठून तरी धावत आलं आहे. शालूबाईला वाचता येत नव्हतं, आणि घात तिथेच झाला. ज्याला वाचता येतं तो शब्द वाचतो आणि पुढे जातो. ज्याला येत नाही तो अक्षराकडे बघत राहतो. “पेंटरभाऊ,” ती म्हणाली, “गाडीचं तोंड तिकडं हाये, अन तुमचे अक्षर काऊन मांगं पडून राह्यले? कोनं धक्का देल्ला का त्याईले?” उत्तराची वाट न बघता ती गेली. वांगी ताजी होती आणि बाजार भरत आला होता.

खुशालने ब्रश डब्यात ठेवला. तो स्टुलावरून उतरला, रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि ओमप्रकाशच्या चहाच्या टपरीला पाठ लावून गाडीकडे बघू लागला. बाई खरं बोलली होती. अक्षर डावीकडून उजवीकडे वाचायचं आणि झुकायचंही उजवीकडेच. काल रंगवलेल्या ड्रायव्हरच्या बाजूने पाहिलं की गाडीचं तोंड उजवीकडे येतं, म्हणजे अक्षर गाडीसोबत पुढे धावतं. पण या बाजूने पाहिलं की तोंड डावीकडे, आणि तेच अक्षर शेपटाकडे लवंडतं. गाडी पुढे निघालेली आणि तिच्या अंगावरची झेप मात्र पाय रोवून म्हणते आहे की मी नाही येत. वीस वर्षांत त्याने कितीतरी ट्रक आणि टेम्पो रंगवले, पण तेव्हा तो सरळ अक्षर लिहायचा, आणि सरळ अक्षराला गाडीच्या दोन्ही बाजू सारख्याच. त्यामुळे ही साधी गोष्ट त्याच्या कधी डोक्यातच आली नव्हती. चूक कुणाच्याही हातून होते. पुसायचं, या बाजूला अक्षर डावीकडे झुकवायचं, संपलं. दुसरा कुठलाही पेंटर हसला असता आणि कामाला लागला असता. पण डावीकडे झुकलेलं अक्षर आपल्याला काढता येईल की नाही हे खुशालला माहीत नव्हतं, आणि का माहीत नाही हे अख्ख्या वर्ध्यात त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने चहा मागितला आणि न पिता हातात धरून ठेवला.

ते सुरू झालं दसऱ्याच्या आधी, याच रस्त्यावर. चंद्रभानने दुकानाची नवी पाटी लिहायला दिली होती. खुशालने नेहमीप्रमाणे वर-खाली खडूच्या दोऱ्याचे दोन सूत मारले, डावा डोळा मिटला, उजव्या डोळ्याने उभी रेघ साधली आणि लिहीत गेला. एक डोळा मिटून लिहिणं ही त्याच्या गुरूची, बंडूजींची शिकवण. बंडूजी जिनिंग-प्रेसमध्ये कापसाच्या गाठींवर नंबर टाकायचे आणि शाळांच्या भिंतींवर सुविचार लिहायचे. त्यांचं अक्षर असं उभं असायचं की मास्तरांनी पोरांना त्याच्या शेजारी उभं करून पाठ ताठ करायला सांगावी. ते म्हणायचे, “दोन डोळे दोन गोष्टी सांगते, मंग माणूस गोंधळते. एकाचं आयक.” खुशालने वीस वर्षं उजव्याचं ऐकलं होतं आणि उजव्याने त्याला कधी फसवलं नव्हतं. त्या दिवशी पाटी पूर्ण करून तो खाली उतरला, दोन्ही डोळे उघडून मागे सरकला, आणि त्याला दिसलं की सगळी अक्षरं उजवीकडे कललेली आहेत. एखाददुसरं नव्हे, ओळच्या ओळ, एकाच मापाने. लिहिताना त्याला ती सरळ दिसली होती. तेवढ्यात पान चघळत चंद्रभान बाहेर आला. त्याने पाटीकडे पाहिलं, पानाची पिंक टाकायचं विसरला, आणि म्हणाला, “अरे बाप! हे तं पळून राह्यले ना बे! सायकलच्या दुकानाले असंच पाह्यजे होतं. हे कुठून शिकला? नागपूरले?” खरं बोलायचा तो एक क्षण होता. खुशालने ब्रश पुसला. मग हसला. “नवीन फॅशन हाये,” तो म्हणाला. माणूस एकदा खोटं बोलतो आणि मग खोटं त्याला कामाला लावतं, तसंच झालं.

घरी जाऊन त्याने दार लोटलं आणि डावा डोळा मिटून चौकटीकडे पाहिलं. चौकट मधोमध वाकली होती, कुणी तिला पोतं टेकवून ठेवावं तशी. उजवा डोळा मिटून डाव्याने बघावं म्हटलं, तर तेवढं जमेना. उजवा एकटा त्याला मिटताच येत नव्हता. मिटायला गेला की दोन्ही मिटायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीच्या आरशासमोर उभं राहून त्याने खूप खटपट केली. तोंड चिंच खाल्ल्यासारखं होत होतं, गाल वर चढत होता, पण डोळा काही एकटा मिटत नव्हता. मागून त्याची बायको कुसुमबाई आली. “बापा, एवढ्या सकायी कोनाले डोया मारून राह्यले?” ती म्हणाली आणि हसत हसत पाणी भरायला गेली. शेवटी त्याने तळहाताने उजवा डोळा झाकला आणि चौकट सरळ झाली. आता हाताने डोळा झाकून पेंटिंग कसं करायचं? एका हातात ब्रश, दुसऱ्यात हात टेकवायची काठी. पट्टी बांधावी तर दहा जण विचारणार. पित्त असेल, उन्हाची धग असेल, रंगाच्या वासाने होत असेल, असं तो स्वतःला सांगत राहिला, आणि डोळ्यात गुलाबपाणी टाकत राहिला. रोज उठल्यावर तोंड धुण्याआधी चौकट बघायची हा त्याचा नेम झाला. कधी वाटायचं आज कमी आहे. बहुतेक दिवस तसं वाटायचं नाही.

वडील असते तर त्यांच्यापासून हे लपलं नसतं. रूपराव आंजी मोठी गावचे, चांगले कसणारे. त्यांच्या कपाशीचे तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, इतके सरळ जायचे की रस्त्याने जाणारे बैलगाडी थांबवून बघायचे. लहानपणी तिफणीमागे चालताना ते खुशालच्या मानेला धरून त्याचं डोकं समोर वळवायचे, “डोया धुऱ्यावर ठेव, बैलावर नाई.” पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक काडी रोवलेली असायची, तिच्यावर नजर ठेवायची आणि चालायचं, पाय आपोआप सरळ पडायचे. शेत धाकट्या भावाकडे देऊन खुशाल रंगाच्या डब्यांमागे वर्ध्याला आला, तेव्हा रूपराव रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “मातीत नाई तं भितीवर, पन तास सरयच मारजो.” तीन वर्षांपूर्वी ते गेले. दसऱ्याआधी ती पाटी बघून खुशालच्या मनात पहिला विचार आला होता की बरं झालं, बाबा नाहीत; आणि त्या विचाराची त्याला इतकी शरम वाटली की त्या रात्री त्याला घास गेला नव्हता.

चंद्रभानच्या पाटीने प्रभाकररावांना त्याच्याकडे आणलं. प्रभाकरराव एके काळी कबड्डीत जिल्ह्याकडून खेळलेले. गुडघा गेला, मैदान सुटलं, तेव्हा त्यांनी सिंदी मेघेला टिनाच्या शेडमध्ये कॅनव्हासचे खेळाचे बूट शिवायला घेतले. बुटाला नाव दिलं ‘झेप’. माणूस असा की तो चालायचा नाही, चढाईला जायचा. बोलतानासुद्धा अर्धा पुढे वाकलेला. “खुशालभाऊ,” ते पाटीकडे बोट दाखवून म्हणाले होते, “हे अक्षर मले पाह्यजे. पाह्यल्याबरोबर मान्साचे पाय खाजवले पाह्यजे.” खुशालने त्यांना ते अक्षर दिलं. देणं म्हणजे काय, तो सरळ लिहायचा आणि लोकांना तिरकं दिसायचं. दसऱ्यानंतर सिंदी मेघेच्या शेडची भिंत झाली, दिवाळीला पिपरीच्या रस्त्यावरची, मग आणखी चार. शाळेच्या वह्यांवर पोरं तशी अक्षरं काढू लागली. एका मंडळाने बॅनरसाठी तसलंच अक्षर मागितलं. लोक त्याला रस्त्यात थांबवून म्हणायचे, का पेंटर, काय डोकं चालवलं! आणि प्रभाकरराव प्रत्येक भिंतीपुढे उभे राहून खुश होऊन म्हणायचे, “हे तं मांगच्याहून जोरात पयून राह्यलं. दर भितीगनिक तुमची हिंमत वाहाडून राह्यली.” हिंमत वाढत नव्हती. काय वाढत होतं ते त्याला रोज सकाळी चौकटीत दिसत होतं.

असं चार महिने चाललं होतं आणि चाललंही असतं. होळीनंतर आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, तिन्ही रस्त्यांवरच्या शंभर भिंती प्रभाकरराव त्याला देणार होते. बूट खपोत न खपोत, पेंटरचं वर्ष उभं राहणार होतं. शिवाय, हेही कबूल करायला हवं, खुशालला ते कौतुक आवडत होतं. वीस वर्षं सरळ लिहिलं तेव्हा लोकांनी फक्त मजकूर वाचला. आता पहिल्यांदा त्याचं अक्षर बघत होते. कधी कधी दुपारच्या वेळी काम करताना तो खरंच विसरून जायचा आणि त्याला वाटायचं की हे आपणच शोधलं, आपल्याच डोक्यातून आलं. मग कुणी तरी एखादी रेघ वाकडी आहे असं सहज म्हणायचं आणि सगळं अवसान गळून जायचं.

चहा गार झाला होता. जाहिरातीची गाडी बघायला प्रभाकरराव आपल्या लुनावरून आले तेव्हा खुशाल अजून टपरीपाशीच उभा होता. त्यांनी ड्रायव्हरची बाजू पाहिली, “वा!” म्हणाले, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले. मान इकडे केली, तिकडे केली. “खुशालभाऊ, हे इकडून उलटं काऊन जाऊन राह्यलं?”

“तेच पाहून राह्यलो जी,” खुशाल म्हणाला. “या बाजूनं गाडीचं तोंड डाव्या हाताले येते नं.”

“मंग डाव्या हाताले झुकवा. दोन्हीकून समोर पयाली पाह्यजे. जमते नं?”

“जमते जी. न जमाले काय झालं?”

“तीन वाजता ग्राउंडवर कबड्डीची फायनल हाये. ही गाडी मैदानाले चक्कर मारन, तवा डावी बाजूच लोकाईच्या समोर येते. अर्धा जिल्हा तिथं राह्यते. हे झालं का समजा शंभर भिती आपल्या.” त्यांनी लुनाला लाथ मारली. “दोन-अडीचले येतो. रंग वला असन तरी चालन.”

रेघ फक्त बाहेरची होती, भरली नव्हती, त्यामुळे रॉकेलच्या फडक्याने ती सहज निघाली. पिवळ्यावर किंचित गुलाबी डाग राहिले. कोऱ्या पत्र्यासमोर खुशाल बसला तेव्हा अकरा वाजले होते. त्याने मनात मांडणी केली. डोळ्याला जे सरळ दिसतं ते खरं तर उजवीकडे वितीच्या अर्ध्याने कललेलं असतं. हे त्याने दिवाळीत हाताने मोजून पाहिलं होतं. म्हणजे आधी तेवढं डावीकडे आणलं की अक्षर उभं होणार, आणि पुन्हा तेवढंच आणलं की डावीकडे धावणार. डोळा जेवढं फसवतो त्याच्या दुप्पट झुकवायचं. इतकं सोपं असूनही त्याला भरवसा वाटेना. त्यापेक्षा पट्टी लावावी, असं ठरवून त्याने लाकडी फूटपट्टी आणि खडू घेतला, खाली खूण केली, वर वितीचं अर्धं मोजून डावीकडे खूण केली आणि दोन्ही जोडल्या. डावा डोळा मिटून पाहिलं तर रेघ जमिनीवर आडवी व्हायला निघालेली. एवढं वाकडं? कुणाच्याही अक्षराची अशी पाठ मोडेल? हात पुढे होईना. मागून ओमप्रकाशचा आवाज आला, “ओ चंद्रभानभाई, इकडं पाहा. पेंटर पट्टी लावून राह्यला!” चंद्रभान खिदळला. “म्हातारा झाला का बे खुशाल?” ते गमतीनेच बोलत होते, पण बंडूजींच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला यापेक्षा मोठी शिवी नव्हती. पट्टी सुताराची, डोळा पेंटरचा. बंडूजींनी आयुष्यात कधी अक्षराला पट्टी लावली नव्हती. खुशालने खडूची रेघ तळहाताने पुसून टाकली, ब्रश लाल रंगात बुडवला, डब्याच्या काठावर दोनदा निथळवला आणि डोळ्याच्या हवाली झाला.

पुढचे तीन तास, खरं सांगायचं तर, चांगले गेले. रंग पत्र्यावर लोण्यासारखा सरकत होता. ‘झ’ची गाठ त्याने एका दमात वळवली, मात्रा पुढे फेकली, ‘प’चं पोट भरलं. दर रेघेला तो डावीकडे कलत गेला, आणखी कलत गेला, मनातल्या मापाच्या दुप्पट. स्टुलावर बसलेलं त्याचं अंगही कलत होतं. त्याला वाटलं, डावीकडे पळणं हेसुद्धा आपल्याला येतं तर. काळी सावली टाकली, वाऱ्याच्या तीन रेघा ओढल्या. भूक लागल्याचं ध्यानात आलं, आणि कुसुम अजून डबा घेऊन आली नाही हेही. मग तो उतरला. वळला, आणि सवयीप्रमाणे अक्षरांकडे न बघता आधी लोकांच्या तोंडांकडे पाहिलं. दोन्ही डोळे उघडे ठेवले की हल्ली अक्षराच्या कडा हलायच्या, एका काठीच्या दोन व्हायच्या, म्हणून चार महिने तो आपलं काम लोकांच्या तोंडांवरच वाचत आला होता. टपरीपाशी सात-आठ जण होते. कुणीच हसत नव्हतं, कुणी मान डोलवत नव्हतं. चंद्रभानने आधी खुशालकडे पाहिलं, मग गाडीकडे. “लय झकास लिवलं,” तो सावकाश म्हणाला. “पन हे तं उभं राह्यलं, बुवा.”

“उभं?”

“उभं म्हंजे उभं. शायेतल्या भितीवानी.”

गाडीच्या मागच्या दाराची फट ‘प’च्या काठीशेजारून सरळ खाली जात होती. खुशाल जवळ गेला. काठी आणि फट यांच्यामध्ये त्याने वरच्या टोकाला हात लावला: चार बोटं. मध्ये लावला: चार बोटं. खाली वाकून लावला. चार बोटं. ओला रंग करंगळीला लागला. तो तसाच वाकून राहिला. बंडूजींनीही इतकी सरळ काठी उतरवली नसती. दुप्पट झुकवूनही अक्षर जर उभंच राहिलं, तर मग डोळा आता दुप्पट फसवत होता. दिवाळीला अर्धी वीत होती, संक्रांत गेली नाही तो पूर्ण वीत झाली. अजून दोन महिन्यांनी किती? होळीला, शंभर भिंतींपुढे उभं राहिल्यावर किती? त्याला भीती वाटली, साधी, लहान पोराला अंधारात वाटते तशी, आणि ती तोंडावर दिसू नये म्हणून तो उगाच चाकापाशी काही तरी शोधत राहिला.

लुनाचा आवाज आला तेव्हाही तो वाकलेलाच होता. प्रभाकररावांनी गाडी बघितली. एकदा या बाजूने, एकदा त्या. अडीच वाजत आले होते. “एका बाजूनं पयते अन एका बाजूनं उभं,” ते म्हणाले, आणि मग आवाज चढला, “मस्करी करून राह्यला का तू? अर्धा जिल्हा हासन माह्यावर!” तुमीचा तू झाला. ते खुशालच्या तोंडाजवळ आले, वास घेतला, त्याच्या पाणावलेल्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. “पेऊन आला का बे?”

आणि खुशालला एकदम सुटका दिसली. हो म्हणायचं. रंगाऱ्याने दारू पिणं म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. बंडूजीसुद्धा घ्यायचे, अर्धं वर्धा हे जाणून होतं आणि तरी त्यांना काम मिळत होतं. प्यायलेला पेंटर उद्या सकाळी उतरतो. लोक शिव्या देतील, दोन दिवसांनी पुन्हा बोलावतील. पण डोळा गेलेल्या पेंटरला कोण बोलावणार? प्रभाकरराव आज रागावतील, होळीपर्यंत विसरतील. तोवर गुलाबपाणी आहे, एखादं औषध असेल, काही तरी होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने मान खाली घातली, आणि ती हो म्हणण्यासाठीच घातली होती. “चुकलं, भाऊ,” तो पुटपुटला. “सकायी जरासी—”

“काय सकायी जरासी?”

कुसुमबाई डबा घेऊन टपरीच्या बाजूने आली होती. किती वेळापासून उभी होती कोण जाणे. घामाने कुंकू ओघळलं होतं. “चक्कीवर लाइन गेलती, म्हून उशीर झाला,” ती आधी त्याला म्हणाली, जणू तेच महत्त्वाचं होतं. मग प्रभाकररावांकडे वळली. “भाऊ, माहा मानूस दारूले शिवत नाई. पंचवीस वर्सं झाली लग्नाले. मी याईच्या संग राह्यतो, तुमी नाई राह्यत. पेले म्हनता तं तुमच्या पोराईच्या गयाची शप्पथ घेऊन म्हना.”

“मंग हे काय हाये, वहिनी? तुमीच पाहा!”

तिने गाडीकडे पाहिलं. नंतर नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. “तुमी काऊन कबूल करून राह्यले?” ती हळू आवाजात म्हणाली. “जे केलं नाई ते?”

खुशालला वाटलं होतं की हे सांगायची वेळ येईल तेव्हा घर असेल, दार लावलेलं असेल, आपण शब्द आधी जुळवलेले असतील. इथे रस्ता होता, रॉकेलचा वास होता, आणि ती एवढं भांडल्यावर तिच्या समोर पुन्हा खोटं बोलणं त्याच्याने होईना. “डोया गेला माहा,” तो म्हणाला. “उजवा. मले सरय दिसतच नाई. दसऱ्यापासून. हे तिरके अक्षर मी काढलेच नाई कवा. मी सरयच लिवत होतो.”

चंद्रभानने मान वर करून आपल्या दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. प्रभाकररावांचं तोंड उघडं राहिलं होतं. मग त्यांनी लुनाची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि चार पावलं मागे सरकले. शंभर भिंतींचं काय ते त्या चार पावलांत खुशालला कळलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याचं त्याला तेव्हा काही वाटलं नाही. तो कुसुमबाईकडे बघत होता. ती रडली नाही. ओरडलीही नाही. तिने मनाशी दसऱ्यापासूनचे महिने मोजले असावेत.

“चार महिने,” ती म्हणाली. “मंग चार महिने मी कशी दिसून राह्यली तुमाले? वाकडी?”

हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. रोज चौकट पाहिली, भिंती पाहिल्या, विजेचे खांब पाहिले, अक्षरं पाहिली. समोर बसून भाकर वाढणाऱ्या बाईकडे एका डोळ्याने बघायचं त्याला सुचलं नव्हतं. “थांब,” तो म्हणाला, आणि डावा डोळा मिटला. लुगड्याचा हिरवा काठ दिसला. डब्याची पिशवी दिसली. मनगटातल्या बांगड्या, बाजूला मॅटाडोरचं चाक, मागे टपरीचा धूर, सगळं कडेकडेने स्पष्ट होतं. मधोमध, जिथे तिचं तोंड असायला हवं होतं, तिथे ओल्या रंगावरून फडकं फिरवावं तसा एक राखी डाग होता. लांब रेघांमध्ये तो त्याला कधी जाणवलाच नव्हता. कुंकू नव्हतं, नाक नव्हतं, डोळे नव्हते. त्याने मान हलवली. डागही हलला आणि पुन्हा तिच्या तोंडावर येऊन बसला.

“सांगा नं. कशी दिसतो मी?”

“तुहं तोंड नाई दिसत,” तो म्हणाला.

कुसुमबाईने डबा स्टुलावर ठेवला. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, ती एक पाऊल पुढे आली. “आता?”

त्याने मान हलवली. ती आणखी जवळ आली, इतकी की तिच्या पदराचा पिठाचा वास त्याला आला. “आता?”

“नाई.”

त्याच्या हाताला तिच्या हाताचा घाम लागला. तिचा श्वास आता त्याच्या हनुवटीवर येत होता, चक्कीपासून भराभर चालत आलेल्या बाईचा गरम, तुटक श्वास. डावा डोळा उघडला असता तर ती समोरच होती, सबंध. पण त्याने तो घट्ट मिटून धरला होता.

“आता?” तिने विचारलं.